कसब हातातले, कसब कागदावरचे

पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरील एडवण, कोरे, दातिवरे, मथाणे, उसरणी या गावांची उपजीविका पिढ्यानपिढ्या बागायत, पानवेली आणि मासेमारी यांवर चालत आली. परंतु तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे बोईसरलगत औद्योगिक वसाहत विस्तारत गेली, आणि सकाळच्या गाडीने सफाळ्याहून बोईसर गाठणे हा येथील अनेक घरांचा दिनक्रम होऊन बसला. त्या केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीने बेक्टेल या बांधकाम कंपनीच्या साहाय्याने उभारले. म्हणजे या परिसराने आधी परदेशी कुशल माणूस कामासाठी येताना पाहिला आणि नंतर आपला कुशल माणूस कामासाठी परदेशी जाताना पाहिला. या दोन प्रवासांतील फरक कौशल्याचा कमी आणि कौशल्याच्या पुराव्याचा अधिक आहे.

परदेशगमनाच्या चर्चेत पासपोर्ट, व्हिसा आणि कामाचा परवाना हे तीन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि पुष्कळशा फसवणुकीचे मूळ याच गोंधळात असते. पासपोर्ट ही आपल्या सरकारने दिलेली ओळख होय. व्हिसा ही दुसऱ्या देशाने विशिष्ट हेतूसाठी दिलेली प्रवेशाची अनुमती होय. आणि कामाचा परवाना हा त्या देशात, बहुधा ठरावीक मालकाकडे, मजुरी घेऊन काम करण्याचा अधिकार होय. व्हिसा खरा असूनही काम बेकायदा असू शकते, कारण व्हिसा हेतूला बांधलेला असतो आणि हेतू बदलला की तो असून नसल्यासारखा होतो.

भारतातून नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्यांचे नियमन १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाने होते. त्याखाली अठरा देशांची यादी निश्चित झाली असून तीत आखाती देशांसह मलेशिया, थायलंड, जॉर्डन, इराक आदींचा समावेश आहे. ज्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’, अशी नोंद असते, त्यांना या देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. मुंबईतील या अधिकाऱ्याचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात असून मंजुरीची प्रक्रिया ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय प्रणालीद्वारे होते. दहावी उत्तीर्ण व्यक्ती, आयकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले, परदेशात तीन वर्षे राहिलेले, मान्यताप्राप्त दोन वर्षांची तांत्रिक पदविका असलेले आणि सीडीसी हे नाविकांचे सेवापुस्तक बाळगणारे दर्यावर्दी यांना ही तपासणी लागू होत नाही. पूर्वी अशांच्या पासपोर्टवर तसा वेगळा शिक्का मारला जाई. आता नोंद केवळ तपासणी लागू असणाऱ्यांच्याच पासपोर्टवर छापली जाते, त्यामुळे पासपोर्टवर अशी नोंद नसणे हाच सुटकेचा शिक्का ठरतो. जानेवारी २०१८ मध्ये अशा पासपोर्टना नारिंगी वेष्टन देण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि कमी शिकलेल्या माणसाची ती जाहीर खूण ठरेल या टीकेनंतर त्याच महिन्यात मागेही घेतला गेला.

ही नोंद कमीपणाची मानली जाते. वस्तुतः ती कवचासारखी आहे. मंजुरीसाठी रोजगाराचा करार, नोंदणीकृत भरती एजंट किंवा थेट मालकाची नोंद आणि विमा यांची छाननी होते. प्रवासी भारतीय बीमा योजनेखाली दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. नोंदणीकृत एजंटास कामगाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये, एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्याहून अधिक रक्कम रोखीने आणि पावतीशिवाय मागितली जाते, तेव्हा व्यवहाराचे स्वरूप तेथेच उघड होते.

या कवचाला वळसा घालण्याचा रूढ मार्ग म्हणजे भेटीचा व्हिसा. ईसीआर नोंद असलेली व्यक्ती नोकरीखेरीज अन्य कारणासाठी वैध व्हिसा आणि परतीचे तिकीट घेऊन मंजुरीशिवाय जाऊ शकते. या सवलतीचा आधार घेऊन ‘आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर कंपनी व्हिसा बदलून देईल’ असे सांगितले जाते. असा माणूस तेथे उतरतो तेव्हा त्याचा करार कोणत्याही सरकारी नोंदीत नसतो, विमा नसतो, आणि भेटीच्या व्हिसावर काम करणे हाच गुन्हा असल्याने मजुरी थकली तरी तक्रार करण्याची सोय उरत नाही. आखातातील कफाला पद्धतीत, म्हणजे कामगाराचा निवास प्रायोजक मालकाशी जोडणाऱ्या व्यवस्थेत, सुधारणा होत आहेत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली. परंतु सुधारणांचा लाभ नोंदीत असलेल्यालाच मिळतो.

कसब आणि कागद यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते ट्रेड टेस्टमध्ये, म्हणजे भरतीपूर्वी घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत. पाइप वेल्डरसाठी ‘सिक्स-जी’ ही कसोटी कठीण मानली जाते. पाइपाचे दोन तुकडे पंचेचाळीस अंशांच्या कोनात पक्के बसवलेले असतात आणि ते फिरवण्याची मुभा नसते. वेल्डरलाच पाइपाभोवती फिरावे लागते, आणि खालून वर चढताना डोक्यावरचे, उभे आणि आडवे असे सगळे वेल्डिंग एकाच जोडात करावे लागते. सांध्याच्या तळाचा पहिला थर, म्हणजे रूट, कारखान्यात ज्याला नुसते ‘आर्गन’ म्हणतात त्या पद्धतीने घातला जातो आणि वरचे थर अनेकदा ‘सत्तर-अठरा’ क्रमांकाच्या रॉडने भरले जातात. नंतर जोड वाकवून किंवा क्ष-किरणाखाली तपासला जातो. येथे जात, गाव, भाषा, शिक्षण यांतील काहीही उपयोगी पडत नाही. रूटमध्ये पोकळी राहिली तर ती चित्रात दिसते.

ही परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याचेही घोडे अडते ते पुढच्या टप्प्यावर, जेथे पाच किंवा आठ वर्षांचा अनुभव लेखी मागितला जातो. औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत लागलेला कामगार एका शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी संयंत्र बंद ठेवण्याच्या काळात, एका कंत्राटदाराकडे आणि पुढच्या शटडाउनमध्ये दुसऱ्याकडे असतो. दहा वर्षे काम करूनही त्याच्या हाती गेटपास आणि चहापाण्याच्या आठवणी यांखेरीज फारसे काही उरत नाही. वास्तविक १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील केंद्रीय नियमांत काम संपल्यावर सेवा प्रमाणपत्र देण्याची तरतूद होती आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही मागणी केल्यास कंत्राटदाराने अनुभव प्रमाणपत्र द्यावे असे म्हटले आहे. ही मागणी काम संपतानाच करावी लागते, कारण कंत्राटदार पाच वर्षांनी सापडतोच असे नाही. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक हा दुसरा विश्वासार्ह पुरावा होय, कारण कोणत्या महिन्यात कोणत्या आस्थापनेने रक्कम भरली हे त्यात नोंदलेले असते.

युरोप आणि पूर्व आशियाकडील वाटा अलीकडे खुल्या झाल्या आहेत आणि त्या तर पूर्णतः कागदाच्या पायावर उभ्या आहेत. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. त्याच वर्षी १ जूनपासून जर्मनीने सुरू केलेल्या ‘संधी कार्डा’वर नोकरी हाती नसतानाही एक वर्ष तेथे राहून ती शोधता येते, मात्र त्यासाठी मायदेशात शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी, भाषेची किमान पातळी आणि निर्वाहाची तजवीज दाखवावी लागते. जपानने २०१९ मध्ये विशिष्ट कुशल कामगारांचा वर्ग निर्माण केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबाबत सहकार्याचा करार केला. तेथे कौशल्य परीक्षेबरोबर जपानी भाषेची परीक्षाही द्यावी लागते. अमेरिकेचा एच-१बी हा व्हिसा पदवी आवश्यक असणाऱ्या पेशांपुरता असल्याने आयटीआय झालेल्या फिटरला तो उपयोगाचा नाही. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्या दृष्टीने म्हणूनच दोन वर्षांचे प्रमाणपत्र आणि परकीय भाषेची दीड-दोन वर्षांची शिकवणी ही पदवीहून अधिक फलदायी गुंतवणूक ठरू शकते.

पाहुणे म्हणून जाणाऱ्यांची बाब वेगळी असली तरी तत्त्व तेच आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आईस बी-२ वर्गाचा व्हिसा लागतो आणि तेथील कायदा प्रत्येक अर्जदार कायमचे राहायला येत आहे असे गृहीत धरून चालतो. ते गृहीत खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. एडवणची वाडी, घर आणि मागे राहिलेले कुटुंब यांचे तेथे महत्त्व असते ते परतीच्या ओढीचा पुरावा म्हणून. युरोपातील शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, तर कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’वर आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहण्याची मुभा मिळते, मात्र मुलाचे वा मुलीचे उत्पन्न आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा दाखवावा लागतो.

या सर्व अर्जांत मराठी माणसाचे नाव हीच एक अडचण होते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, मधले वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षरापुरते, राऊत किंवा चौधरी यांचे इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारांनी, आणि स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे व सासरचे अशी दोन नावे. ही तफावत पासपोर्ट काढण्यापूर्वी दुरुस्त करणे सोपे असते. व्हिसा नाकारला गेल्यानंतर तीच गोष्ट खुलाशाचा विषय बनते.

दाबाखालील वाहिन्यांचे काम चालते त्या संयंत्रात प्रत्येक प्रमाणित वेल्डरला एक क्रमांक असतो. तो जोडाजवळ उमटवला जातो आणि कोणता सांधा कोणी, कधी, कोणत्या पद्धतीने जोडला याची नोंद दप्तरात राहते, म्हणजे गळती झाली तर जबाबदार हात शोधता येतो. जबाबदारी ठरवण्यासाठी त्या हाताची कारखान्याकडे इतकी चोख नोंद असते. सफाळ्याच्या गाडीने घरी परतणाऱ्या त्या हाताच्या धन्याकडे मात्र तिची एक प्रतही नसते. परदेशाची वाट मुंबईच्या विमानतळावर सुरू होते असे मानले जात असले, तरी ती प्रत काम संपण्याच्या दिवशी बोईसरातच मागून घेण्यापासून ती खऱ्या अर्थाने सुरू होते.