न जुळणारं चित्र

मी कम्प्युटरवर दोन दीर्घिकासमूहांची टक्कर घडवून आणते. प्रत्येकात शेकडो दीर्घिका आणि कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू. दीर्घिका एकमेकींच्या बाजूने निघून जातात. आदळतो तो वायू. त्यातून शॉक वेव्ह उठते, इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देते आणि ते क्षीण चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओलहरी सोडतात.

अशा लाटेची सुबक खूण म्हणजे 2010 मध्ये जाहीर झालेला ‘सॉसेज’: सुमारे 65 लाख प्रकाशवर्षं लांबीचा बारीक कंस. तो टिपणाऱ्या दुर्बिणींत आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटीही होती. पण टक्कर चालते शंभर कोटी वर्षांच्या घरात आणि दुर्बिणीला मिळतो एकच फोटो. आधी-नंतरचं सगळं सिम्युलेशनमध्येच पाहायचं.

अडचण अशी, की या लाटा तशा दुबळ्या. वायूतल्या ध्वनीच्या वेगाच्या साधारण दुप्पट-तिप्पट. नेहमीच्या हिशेबाने कंस बऱ्याचदा फारच अंधुक येतो. इलेक्ट्रॉनना लाटेतली किती ऊर्जा मिळते, तो आकडा वाढवला की चित्र झकास जुळतं. आकडा माझ्याच हातात. मोह होतोच.

पण मी बळेच जुळवलेलं चित्र मला नवं काय सांगणार? न जुळण्यातूनच खरा प्रश्न आला: लाट येण्याआधीच तिथे जुने, दमलेले इलेक्ट्रॉन होते का? एखाद्या कृष्णविवराने कधीकाळी फेकलेले? 2017 मध्ये एबेल 3411-3412 मध्ये तसा दुवा दिसलाही.

म्हणून रन संपला, की चित्र कुठे जुळत नाही, ते मी आधी बघते.