पिकलबॉल आणि आमचे मोठेबाबा

खेळ हा तरुणांचा विषय व विश्रांती हा वृद्धांचा, अशी वाटणी आपल्या समाजाने फार पूर्वीच करून ठेविली आहे. साठी उलटलेल्या गृहस्थाने अंगणात खुर्ची टाकून नातवंडांचे खेळ पाहावेत, याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नाही. ही वाटणी निसर्गाने केली की आपल्या खेळांच्या नियमांनी, असा प्रश्न गेल्या वर्षी माझ्या मनात उभा राहिला. त्यास कारण पिकलबॉल हा खेळ.

या खेळाचा जन्म १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर झाला. जोएल प्रिचर्ड व बिल बेल या दोघा स्नेह्यांपाशी बॅडमिंटनचे मैदान होते, परंतु खेळावयाचे साहित्य पुरते सापडेना. तेव्हा टेबल टेनिसच्या बॅटी व छिद्रांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी घरच्या मंडळींसाठी खेळ मांडला. चेंडू जमिनीवर उसळतो असे दिसताच जाळी खाली आणिली. पुढे बार्नी मॅकॅलम यांच्या साह्याने नियम ठरले. मौज अशी की, ज्या बॅडमिंटनच्या मैदानावर हे घडले, तो खेळ एकोणिसाव्या शतकात आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत खेळला जाई व त्यास 'पूना' असेच म्हणत. भारतात पिकलबॉलचा प्रसार मुंबईचे श्री. सुनील वालावलकर यांनी आरंभिला.

आमचे मोठेबाबा तरुणपणी बॅडमिंटन उत्तम खेळत. पुढे गुडघे दुखू लागले, डॉक्टरांनी उड्या मारण्यास मनाई केली आणि रॅकेट कपाटावर गेली. ते कधी कुरकुरले नाहीत. मात्र सायंकाळी आम्ही खेळू लागलो म्हणजे ते उठून घरात जात. माझ्या चुलतभावाने पुण्याहून चार पॅडल आणिली, तेव्हा जठारपेठेतील आमच्या इमारतीच्या सिमेंटच्या आवारात आम्ही चुन्याने रेषा आखिल्या. डॉक्टरांची अनुमती घेऊन मोठेबाबाही उतरले.

मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी सामन्याएवढेच. जाळी कडांस ३६ इंच व मध्यभागी ३४ इंच उंच. आरंभीचा चेंडू हात खालून वर नेत समोरच्या तिरप्या चौकटीत टाकावयाचा. तो एक टप्पा पडू द्यावयाचा व परत आलेलाही एक टप्पा पडू द्यावयाचा; त्यानंतरच हवेत मारण्याची मुभा. नेहमीच्या पद्धतीत गुण सर्व्हिस करणाऱ्या पक्षासच मिळतो. डाव ११ गुणांचा, पण दोन गुणांची आघाडी हवीच.

खरी गंमत जाळीजवळ आहे. जाळीच्या दोन्ही अंगांस सात सात फुटांचा पट्टा असतो. त्यास 'किचन' म्हणजे स्वयंपाकघर म्हणतात. त्यात उभे राहून टप्पा न पडलेला चेंडू मारावयाचा नाही. मारल्यानंतर तोल जाऊन पाय नुसता रेषेस लागला तरी दोष. वहाणा घालून स्वयंपाकघरात जावयाचे नाही, हा आमच्या घरचा दंडक असल्याने माझ्या धाकट्या बहिणीस हा नियम प्रथम समजला! आट्यापाट्यांत पाटी धरणारास जशी रेषेची मर्यादा, तशीच ही. यामुळे दांडग्या खेळाडूस जाळीवर चढून चेंडू आपटता येत नाही. हलक्या हाताने व धीराने खेळणाराचे मोल वाढते.

एका सायंकाळी मोठेबाबा व धाकटी बहीण एकीकडे, मी व शेजारचा मित्र दुसरीकडे, असा डाव रंगला. त्यांचे दहा गुण, आमचे आठ, सर्व्हिस त्यांचीच. मोठेबाबांनी पुढे येऊन चेंडू हवेतच असा वळविला की आम्ही पाहतच राहिलो. बहीण आनंदाने नाचू लागली. तोच ते म्हणाले, "थांब बेटा. माझा पाय रेषेला लागला."

आम्हांपैकी कोणीही ते पाहिले नव्हते. बहिणीचे डोळे भरून आले. सर्व्हिस गेली आणि तो डाव आम्ही १२–१० असा जिंकला. मोठेबाबांनी जाळीपाशी येऊन आमच्याशी हस्तांदोलन केले व बहिणीस म्हणाले, "इतक्या वर्षांनी खेळायला मिळालं. ते काय खोट्या गुणासाठी?"

त्या दिवसापासून ते सायंकाळी घरात जाईनासे झाले. खेळापूर्वी दहा मिनिटे सांधे मोकळे करणे व चेंडूमागे उलट्या पावली न धावणे, हे दोन नियम त्यांनी आम्हांसही लाविले आहेत.

विद्यार्थिमित्रहो, नियम म्हणजे आपल्या सामर्थ्यास घातलेला अडसर, असे आपणांस पुष्कळदा वाटते. परंतु सात फुटांच्या एका रेषेने बलवानास थोडे मागे उभे केले, म्हणूनच आमच्या मैदानात दहा वर्षांच्या मुलीस व अडुसष्ट वर्षांच्या वृद्धास जागा झाली. ती रेषा पाळावयाची मात्र ज्याची त्याने. कारण आपला पाय कोठे पडला, हे पुष्कळदा आपणांवाचून दुसऱ्या कोणास ठाऊक नसते.