न वाजणारा शंख

मुलाम्याची जुनी, अनोळखी वस्तू समोर आली की लोक आधी विचारतात, "खरी चांदी आहे का?" मी आधी पाहतो ती कुठे झिजली आहे ते. धातू कसोटीवर कळतो. वस्तू कशासाठी होती हे मात्र तिच्यावर वर्षानुवर्षं फिरलेला हातच सांगतो.

वणीकडच्या एका वाड्यात देवघरात असाच एक शंख होता. रोज गंध-फूल व्हायचं. वीतभर लांबीचा, खडकासारख्या ओबडधोबड बैठकीवर तिरका बसवलेला. पण फुंकायला टोकाशी छिद्र नाही आणि तोंडावर चक्क बिजागरीचं झाकण! कुणी म्हणालं अत्तरदाणी, कुणी म्हणालं पानाचा डबा. विजेरी लावून आत पाहिलं, तर क्षारांचा पांढरा थर एका ठरावीक रेषेपर्यंत चढलेला. म्हणजे यात पुन्हा पुन्हा पाणी भरलं जाई, आणि तेही त्याच उंचीपर्यंत. तोंडाची खालची कड घासून पिवळट पडली होती, कडेच्या आत लांबट ओरखडे होते. दांड्या बाहेर ठेवून चमचे आत टेकवले, की नेमके तिथेच घासतात.

तो वाढायचे चमचे गरम ठेवण्याचा शंख होता. व्हिक्टोरियन इंग्लंडच्या थंडगार जेवणघरात मटणाचा रस्सा गार चमच्याला लागला की चरबी गोठे, म्हणून अशा शंखात कढत पाणी भरून त्यात चमचे आणि डाव बुडवून ठेवत. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांना टेकणाऱ्या आपल्या मुलखात त्याचं काय काम, हा प्रश्न रास्तच आहे. पण वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी कारभारात होता, कापसाने इथे पैसा आणला आणि साहेबांची बिऱ्हाडं विलायतेतल्या टेबलासकट थाटली जात. बदली झाली की सामानाचा लिलाव होई. विलायती माल मागवायचा तर १८९१ पासून मुंबईत आर्मी अँड नेव्हीचं दुकानही होतं. वाड्यात शंख नेमका कोणत्या वाटेने आला याचा कागद नाही, आणि अंदाजाला मी पुरावा म्हणणार नाही.

बैठकीखालचा मळ भिंगाखाली हलकेच काढला, तेव्हा ई, पी, एन, एस ही अक्षरं निघाली. तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेली चांदी. हे तंत्र बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनांनी १८४० मध्ये पेटंट घेऊन बाजारात रुजवलं. अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत ठोकलेली असली की भल्याभल्यांना तो चांदीचा हॉलमार्क वाटतो. अस्सल इंग्लिश चांदीवर मात्र चालत्या सिंहाची खूण शोधावी. इथे शेजारी एक चौकोनी हिरा कोरलेला होता. ही नमुना नोंदवल्याची खूण, १८४२ ते १८८३ या काळातली. १८८४ पासून हिऱ्याऐवजी नुसता क्रमांक येऊ लागला. हिरा सांगतो तो नमुन्याच्या नोंदणीचा दिवस. वस्तू त्यानंतर कितीही वर्षांनी घडवलेली असू शकते, आणि विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

एका गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो. अशी वस्तू सापडली की घरचे ती आधी चिंच-राखेने लख्ख घासून काढतात. काळेपणा म्हणजे चांदीचाच गंधकाशी झालेला संयोग. तो खरवडला की त्याबरोबर चांदीही जाते. मुलामा मुळातच कागदाहून पातळ, आणि ओरखडे पुसले गेले की ओळखीचा पुरावाही संपला. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ सुती कापड, एवढंच पुरे.

घरच्यांनी विचारलं, आता शंख देवघरातून काढायचा का? मी म्हटलं, मुळीच नाही. तुमच्या घरी तो देवाचा झाला, हीदेखील त्याच्या इतिहासातली नोंद आहे. मग एका चिठ्ठीवर दोन्ही वापर लिहिले, खालच्या शिक्क्यांचा मोजपट्टीसह फोटो काढला आणि दोन्ही त्यांच्या घरच्या कागदपत्रांत ठेवायला दिलं. गंध मात्र आता मुलाम्यावर न लावता बैठकीखालच्या पाटाला लावतात.