आधी पाणी, मग उत्तर

मुलांनो, वाचता वाचता जरा उठा आणि घरातल्या भिंतीवरचा एखादा फोटो बघून या. फोटो नव्हे, त्याची फ्रेम बघा. चारही कोपऱ्यांत पट्टीचे दोन-दोन तुकडे तिरके जोडलेले दिसतील. तिथे फट आहे का? असली, तर फ्रेमवाल्यानं त्याबद्दल बोलणी खाल्लीच असणार!

इतक्या खात्रीनं सांगतो, कारण कोल्हापुरात आमचं फ्रेमचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. शाळेत असताना मे महिन्याची सुट्टी लागली, की माझी रवानगी दुकानात व्हायची. काचा पुसायच्या, खिळे वेचायचे आणि गिऱ्हाइकांची भांडणं ऐकायची.

भांडणं तर रोजची. आता हेच बघा. एका फ्रेमला पट्टीचे चार तुकडे लागतात. प्रत्येकाची दोन्ही टोकं ४५ अंशांत कापायची. म्हणजे झाले आठ काप. प्रत्येक काप एकच अंश कमी पडला, तर तीन कोपरे जुळवून झाल्यावर चौथ्या कोपऱ्यात चक्क ८ अंशांची फट राहते! गणितात एका मार्कानं काही बिघडत नाही असं म्हणता ना? इथे बिघडतं.

पण दर वेळी चूक फ्रेमचीच असते असं नाही हं. एक गृहस्थ तावातावानं आले, "फ्रेम वाकडी केलीत!" वडिलांनी काहीच वाद घातला नाही. आधी माठातलं पाणी दिलं. मग एक दोरा घेऊन समोरासमोरच्या बाजू मोजल्या, नंतर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा धरला आणि तोच दोरा दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावला. तंतोतंत सारखा! समोरासमोरच्या बाजू सारख्या आणि कर्णही सारखे, म्हणजे चारही कोन काटकोन. हे तुमच्या भूमितीच्या पुस्तकातही आहे. वाकडी फ्रेम नव्हती, मागची दोरी खिळ्यावरून घसरली होती.

एक बाई म्हणाल्या, "काच खराब दिलीत. नवऱ्याचा फोटो बघायला जावं, तर माझंच तोंड दिसतं." फोटो खिडकीच्या समोर लावला होता. वडिलांनी सांगितलं, "बाजूच्या भिंतीवर लावा. उजेडाची चमक येणार नाही, आणि उन्हानं फोटोचे रंगही उडणार नाहीत."

वडिलांचे दोन नियम होते. पहिला, आधी पाणी, मग उत्तर. माणूस पाणी पितो तेवढा वेळ त्याचाही राग थांबतो आणि आपलाही. दुसरा नियम, गिऱ्हाइकासमोरच सगळं वहीत लिहायचं. माप, पट्टी, काच, तारीख, सगळं.

या दुसऱ्या नियमानं मला एकदा चांगलंच पकडलं. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

१९९१ सालचा मे महिना होता. माझी आठवी संपली होती. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावाहून एक आजोबा एसटीनं आले. पिशवीत, धोतरात गुंडाळलेली एक जुनी फ्रेम. एका पट्टीला वाळवी लागलेली. आत काळा-पांढरा फोटो होता. एक बाई खुर्चीत बसलेली, शेजारी पाच-सहा वर्षांचा मुलगा, आणि फोटोच्या अगदी कडेला, त्या मुलाच्या खांद्यावर बाईचा हात. घर गळून पाणी आत गेलं होतं, त्यामुळे फोटो एका बाजूनं काचेला चिकटला होता.

आजोबांनी मला घाम फोडला. अकरा पट्ट्या काढायला लावल्या. ही पिवळी नको, ती चकचकीत नको. पैशांवरून घासाघीस. आणि तीन वेळा बजावलं, "फोटूला हात लावायचा न्हाई. काय?" मी मनात म्हटलं, काय खडूस म्हातारा आहे! वडिलांनी मात्र शांतपणे वहीत लिहिलं आणि मला म्हणाले, "हे काम मी बघीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील पट्ट्या आणायला बाजारात गेले. दुकानात मी एकटा. मला वाटलं, ते येईपर्यंत फोटो सोडवून दाखवला तर शाबासकी मिळेल. जुनी फ्रेम उघडली आणि फोटोचं एक टोक धरून हळूच ओढलं. सर्र असा बारीक आवाज झाला. फोटो हातात आला, पण खांद्यावरचा हात त्यात नव्हता! तिथे नुसता पांढरा कागद होता.

माझ्या पोटात गोळा आला. पण डोकं भलतीकडेच चाललं. माउंट माहीत आहे ना? फोटोभोवती असतो तो जाड कागदाचा चौकोन. मी जरा रुंद माउंट कापला. पांढरा भाग त्याखाली बरोबर झाकला गेला. काच टाकली तुटक्या काचांच्या खोक्यात, नवी काच घातली, नवी पट्टी ठोकली. फ्रेम दिसत होती झकास! वडील आल्यावर मी सांगितलं, "झालं काम. सहज निघाला."

चौथ्या दिवशी आजोबा आले. वडील आत काच कापत होते. आजोबांनी फ्रेम हातात घेतली, जवळ नेली, लांब धरली.

"हात कुटं गेला?"

"कसला हात? फोटो असाच होता," मी म्हणालो.

मग काय विचारता! आजोबा असे ओरडले, की शेजारचे दुकानदार गोळा झाले. वडील बाहेर आले. पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाले, "बसा आबा. सगळं सांगा." आजोबांचा आवाज एकदम खाली आला. ते म्हणाले, "त्यो पोरगा मी हाय. त्या साली आई गेली. दुसरा फोटू न्हाई तिचा."

वडिलांनी वही उघडली. "८ × १० इंच. माउंट नाही. फोटो चिकटलेला, सोडवू नये." त्यांनी वहीकडे पाहिलं, फ्रेमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंडातून एक शब्द नाही. मुलांनो, ते ओरडले असते तर बरं झालं असतं!

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "आबा, चूक आमची आहे. पोरगं माझं, दुकान माझं." आणि मला एवढंच विचारलं, "काच कुठाय?"

मी धावत जाऊन खोकं उपसलं. दोन बोटं कापली, पण काच सापडली. कोपरा तुटला होता, तरी त्यावर तो हात जसाच्या तसा चिकटून होता! वडिलांनी फोटो टेबलावर ठेवला, त्यावर ती काच अलगद सरकवत आणली आणि हात पुन्हा खांद्यावर येऊन बसला. आजोबांनी डोळे पुसले. मीही.

फोटो आणि काच तशीच एकावर एक बांधून वडील ओळखीच्या फोटोग्राफरकडे गेले. त्यानं वरून त्याचाच फोटो काढून नवी प्रत दिली. जोडाची रेघ ब्रशनं बुजवली. जवळून बघितलं तर ती दिसायची. वडिलांनी पैसे घेतले नाहीत. आजोबांनी नवी फ्रेम घेतली, आणि ती जुनी काच आणि फोटोही मागून घेतला. जाताना मला म्हणाले, "आधीच सांगितलं असतंस, तर एवढा वरडलो नसतो, पोरा."

आता चिकटलेला फोटो आला, की मी तो सोडवत नाही. काचेसकट स्कॅन करून घेतो. आणि गिऱ्हाईक कितीही कटकट करो, आधी विचारतो, "फोटोत कोण आहे?" उत्तर ऐकलं, की अकरा पट्ट्या का काढायला लावल्या ते बहुतेक वेळा कळतं. सगळीच गिऱ्हाइकं अशी नसतात. काही नुसतीच भांडकुदळ असतात! त्यांच्यासाठी माठ भरलेला ठेवतो.

तुम्ही मघाशी फ्रेम बघून आलात ना? आता पुन्हा एकदा जा. फोटो काचेला टेकला आहे का, भिंतीला ओल आहे का, ते बघा. असली तर पावसाळ्याआधी आई-बाबांना सांगा. आणि फोटोतली माणसं कोण, ते आजी-आजोबांना विचारून ठेवा. त्याला फ्रेमवाल्याची गरज नाही.