बिननावाची पेटी

मुलांनो, वर्गात नवीन मुलगा आला की आम्ही शिक्षक त्याला काय विचारतो? नाव काय, गाव कोणतं, आधी कुठल्या शाळेत होतास? पण समोर एखादी वस्तू आली आणि तिच्यावर ना नाव, ना कारखान्याची पट्टी, तर तिची ओळख कशी पटवायची? गेल्या वर्षी मला अशाच एका पेटीला बोलतं करावं लागलं. त्याची ही हकिकत.

मी नागोठण्याला प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातून पुढे गेलेला एक मुलगा आता नववीत आहे. त्याला गिटारचं भारी वेड! पिकअप बसवलेली जुनी गिटार त्याला मिळाली होती, पण तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर हवा ना? दुकानातली किंमत ऐकूनच स्वारी परत फिरली. मग एका संध्याकाळी भंगाराच्या दुकानातून एक धुळकट लाकडी पेटी उचलून तो थेट आमच्या घरी आला. कारण माझे बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान केव्हाच बंद झालं, पण हत्यारं आणि हातातली कला अजून शाबूत आहे. लहानपणी त्यांच्या शेजारी बसूनच मी सोल्डरिंग शिकले.

"बाई, गणपतीत वाजवायचंय. चालू होईल ना हो?" असं म्हणत त्याने वायर बोर्डाकडे नेलीसुद्धा!

बाबांनी त्याचा हात तिथेच धरला. म्हणाले, "आधी वाच, मग लाव."

आता पेटी वाचायची म्हणजे काय? आम्ही मागची फळी काढली. आत ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून केलेली चासी होती. भोकं थोडी वाकडी, एकाभोवती कानशीचे ओरखडे. कारखान्यातून निघालेले नग असे नसतात. म्हणजे ही कुणीतरी हाताने बनवलेली वस्तू. ट्रान्सफॉर्मरच्या तारांपाशी पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते: २००, २३०, २५०. चक्क आपले देवनागरी आकडे! घरातल्या विजेचा दाब असेल त्याप्रमाणे तार जोडायची, ही खूण बनवणाऱ्याने पुढच्या माणसासाठी करून ठेवली होती. तार २३० वर होती, म्हणजे बरोबर.

चासीवर काचेचे तीन व्हॉल्व्ह होते. काच पुसली तशी त्यांची नावं दिसली: ईसीसी ८३, ईएल ८४ आणि ईझेड ८०. ही नावं म्हणजे सांकेतिक भाषाच आहे बरं का! 'ई' म्हणजे आतली वात तापायला ६.३ व्होल्ट लागतात. 'सी' म्हणजे ट्रायोड, आणि दोन 'सी' म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड. 'एल' म्हणजे स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारा. 'झेड' म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेला लावणारा. आकड्यातला ८ सांगतो की खाली नऊ बारीक पाय आहेत. एवढं कळलं की निम्मी पेटी वाचून झाली.

पण व्हॉल्व्ह करतो तरी काय? आपल्या पेणच्या बाजूला खारजमिनीच्या बांधात उघाडी असते, ती पाहिली असेल तुम्ही. छोटं दार थोडं हलवलं की केवढं तरी पाणी कमी-जास्त होतं. व्हॉल्व्हमध्ये पाण्याऐवजी इलेक्ट्रॉन वाहतात आणि दाराच्या जागी एक बारीक जाळी असते. गिटारच्या तारेतून आलेली अगदी नाजूक वीज त्या जाळीला हलवते आणि तिच्यामागून मोठा प्रवाह तस्साच हलतो. ब्रिटनमध्ये जॉन फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन ध्रुवांचा व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा ध्रुव घातला. तीच ही जाळी. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढे व्हॉल्व्हचे दिवस सरले.

एका काचेवर भारत इलेक्ट्रॉनिक्सचं नाव होतं. बंगळूरच्या या सरकारी कारखान्यात १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. म्हणजे हा व्हॉल्व्ह त्यानंतरचा. पेटीचं वय मात्र त्यावरून ठरवता येत नाही, कारण बल्बसारखाच व्हॉल्व्हही बदलता येतो.

मग आमच्या गिटारवाल्याला बाबांनी चौकटीची वही दिली. कुठली तार कुठून कुठे जाते ते सगळं काढायचं. प्लगला हात नाही! तीन संध्याकाळी तो खालमानेने रेघा ओढत होता. तिसऱ्या दिवशी ओरडला, "बाई, ईसीसी ८३ च्या सहा, सात, आठ नंबरच्या पायांना काहीच जोडलेलं नाही!"

खरंच की! त्या व्हॉल्व्हमधला एक ट्रायोड काम करत होता आणि दुसरा नुसताच बसून होता. याचा अर्थ काय? जुन्या ग्रामोफोनच्या क्रिस्टल पिकअपमधून बऱ्यापैकी जोरकस वीज येते. तिला एकच ट्रायोड पुरतो. तेव्हा ही पेटी गिटारसाठी नव्हे, तबकड्या ऐकण्यासाठी बनवली असणार. पेटीने आपलं काम काय होतं ते सांगून टाकलं.

वहीतली दुसरी गोष्ट मात्र ऐकायला गोड नव्हती. प्लग दोनच पिनांचा. फ्यूज नाही. आणि घरच्या विजेच्या तारेपासून चासीच्या पत्र्यापर्यंत एक छोटा कंडेन्सर. स्पीकरमधली गुणगुण कमी व्हावी म्हणून पूर्वी तसा लावत. पण तो जुना होऊन आतून जोडला गेला, तर अख्खे २३० व्होल्ट पत्र्यावर! पत्र्याला गिटारची वायर जोडलेली, वायरीला गिटारच्या लोखंडी तारा, आणि तारांवर पोराची बोटं. आपल्याकडे गणपती म्हणजे पाऊस. मांडवात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून तो वाजवणार होता. पहिल्या संध्याकाळी तो प्लग बोर्डात गेला असता तर? माझ्या अंगावर काटाच आला.

म्हणून पहिली सुधारणा ठरली. तो कंडेन्सर काढून टाकला. तीन पिनांचा प्लग लावला, अर्थिंगची तार चासीला स्क्रूने घट्ट आवळली, आणि विजेच्या तारेत फ्यूज घातला. फुगलेले मोठे कंडेन्सरही बदलले. सुटे भाग मी मुंबईला ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. मग बाबांनी पेटी सिरीज बोर्डावर लावली. यात शंभर वॅटचा बल्ब मध्ये असतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि पेटी वाचते. आमचा बल्ब जरा पेटून मंदावला. व्हॉल्व्हच्या वाती नारिंगी झाल्या. शाबास!

गिटारवाला मात्र हिरमुसला. "एवढं करून आवाज तर वाढलाच नाही! त्यापेक्षा आतलं सगळं फेकून तयार सर्किट बसवू या ना."

तेव्हा मी त्याला दोन माणसांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत लिओ फेंडर यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, अगदी माझ्या बाबांसारखं. तिथूनच ते गिटारच्या ॲम्प्लिफायरकडे वळले. पुढे लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरचाच एक ॲम्प्लिफायर नीट अभ्यासला, त्यात थोडे बदल केले आणि १९६२ मध्ये स्वतःचा बनवला. आज जगभर त्यांचं नाव आहे. दुसऱ्याचं काम वाचता आलं, म्हणूनच त्यांना ते पुढे नेता आलं.

मग ठरलं, रिकाम्या बसलेल्या ट्रायोडला कामाला लावायचं. तीन रेझिस्टन्स आणि दोन कंडेन्सर, एवढाच खर्च. प्लग काढल्यावरही बाबांनी लगेच हात घातला नाही. आतल्या कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहतात. ते रेझिस्टन्समधून उतरवून, मीटरवर शून्य पाहून मगच काम. डाग मी दिले, वहीत पाहून कुठे ते त्याने सांगितलं. आणि हो, तुम्ही अशी पेटी एकट्याने कधीही उघडायची नाही. जाणता माणूस शेजारी हवाच.

आणि आवाज? जेमतेम पाच वॅटचा, पण खोली भरून टाकणारा! जोरात वाजवलं की व्हॉल्व्ह आवाजाची लाट एकदम कापत नाही, तिचे खांदे गोल करतो. त्यामुळे आवाज फाटतो, पण गोड फाटतो. गणपतीत त्याने आरतीच्या चाली वाजवल्या, कोरड्या पाटावर उभं राहून, पायात चपला घालून!

बनवणारा कोण होता हे आम्हाला कळलं नाही. त्याचे पेन्सिलीचे आकडे आम्ही तसेच राहू दिले. त्यांच्या शेजारी गिटारवाल्याने एक कागद चिकटवला आहे. काय काढलं, काय जोडलं, कोणत्या तारखेला, सगळं सुवाच्य अक्षरात. मी शुद्धलेखन तपासलं, एकच चूक निघाली. पुढे ही पेटी ज्याच्या हाती जाईल, त्याला निम्मं वाचन तरी सोपं जाईल.