कर्णा घेऊन बारामतीहून इंदापुरास

प्रवासवर्णन लिहावयाचें तें काशी-रामेश्वराचें, अशी आमच्या पिढीची समजूत. बारामती आणि इंदापूर हीं पुणें जिल्ह्यांतलींच गांवें. त्यांचें वर्णन तें काय करावयाचें, असें वाचक म्हणतील. परंतु गतवर्षीं ज्येष्ठ सरतां सरतां श्रीतुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर ह्या दोन गांवांमधील वाट आम्ही पायीं चाललों, आणि तीही खांद्यावर साडेचार फूट लांबीचा पितळी कर्णा घेऊन. म्हणून हा लेख.

कर्णा आमच्याकडे कसा आला, तें आधीं सांगितलें पाहिजे. मूळ गांवच्या देवळांतील नगारखाना बंद पडला, तेव्हां त्यांतील हें वाद्य वडिलांनीं घरीं आणून माळ्यावर ठेविलें होतें. आमचीं पस्तीस वर्षें मुलांकडून 'रामो रामौ रामाः' घोकून घेण्यांत गेलीं. निवृत्त झाल्यावर आम्हीं कर्णा खालीं काढला, चिंचेनें घांसला आणि रोज सायंकाळीं गच्चीवर जाऊन फुंकूं लागलों. कांहीं दिवस नुसता वारा निघे. मग एके दिवशीं एकाएकीं हंबरडा फुटला, आणि खालीं धाकट्या सूनबाईंच्या हातांतील दुधाचें पातेलें पडलें. त्या दिवसापासून घरांत आमच्या वादनाची वेळ ठरवून देण्यांत आली.

सवयीप्रमाणें आम्हीं ग्रंथ उघडला. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' रचला. त्याच्या वाद्याध्यायांत काहला नांवाचें सुषिर वाद्य सांगितलें आहे: तांब्याची, रुप्याची किंवा सोन्याची, तीन हात लांब, मुख धोत्र्याच्या फुलासारखें, आणि तिच्यांतून 'हा' व 'हू' हे वर्ण निघतात. आमचा कर्णा ह्या वर्णनास बरोबर उतरला. फरक एवढाच कीं, त्यांतून 'हू' निघे, 'हा' कांहीं केल्या निघेना. कर्ण्यास सनईसारखीं छिद्रें नसतात. सारा खेळ ओठांचा. ओठ आवळले कीं वरचा सूर, सैल सोडले कीं खालचा. मधले सूर त्या नळींत नाहींतच. खालचा सूर काढण्यास ओठ सैल करावे, तर आमची वरची कवळी सुटे. षड्ज राहिला बाजूला, दांत सांभाळण्याची पाळी येई.

आमच्या नातवानें सांगितलें कीं, पाश्चात्य देशांत ट्यूबा, ट्रॉम्बोन इत्यादि खालच्या सुरांच्या पितळी वाद्यांचे स्वतंत्र मेळावे भरतात, आणि हौशी मंडळी आपापलीं वाद्यें घेऊन तेथें जातात. ट्यूबा हें वाद्य १८३५ सालीं बर्लिन येथें निघालें. म्हणजे आमच्या काहलेपुढें तें केवळ बालक. "आजोबा, तुमच्या कर्ण्याचा मेळावा कुठें भरतो?" असें त्यानें थट्टेनें विचारलें. योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत बारामतीच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. "गुरुजी, पालखी बारामतीस येते तेव्हां तुतारी, शिंग, कर्णा वाजविणारे भेटतात. आपण यावें." नातवास उत्तर मिळालें.

दौंडमार्गें बारामतीस उतरलों. कऱ्हेकांठचें हें गांव आमच्या लेखीं मोरोपंतांचें. पन्हाळ्याचा हा कवि नाइकांच्या आश्रयास येथें आला, येथेंच त्याच्या आर्यांचा डोंगर उभा राहिला, आणि १७९४ सालीं येथेंच त्यानें देह ठेविला. दुपारीं नदीकांठीं बसून पंतांचें स्मरण करावें असा बेत होता. पण रस्ते आधींच माणसांनीं भरले होते. १६८५ सालीं तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज ह्यांनीं हा पालखीचा प्रघात घातला, असें सांगतात. सायंकाळीं पालखी आली, तेव्हां टाळांच्या गजरांत पंतांची एकहि आर्या आठवली नाहीं.

रात्रीं विद्यार्थ्यानें आम्हांस वाजविणाऱ्यांच्या घोळक्यांत नेऊन बसविलें. त्यांत एक वृद्ध शेतकरी होते. इंदापूर तालुक्यांतले, तीस वर्षें देहूपासून चालणारे. त्यांस सारे अण्णा म्हणत. आम्हीं त्यांस शार्ङ्गदेवाचें वर्णन ऐकविलें. त्यांनीं तें आदरानें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "लई ब्येस. आता वाजवा की, गुरुजी." आम्हीं वाजविलें. निघाला तो 'हू'. अण्णा हंसले नाहींत. "तुमी त्याला दाबताय. व्हट मोकळं सोडा, वारं पोटातनं येऊ द्या. खालचा आवाज वढून निघत न्हाई." कवळीची अडचण सांगतांच ते म्हणाले, "मग ती काढून खिशात ठिवा!" स्वतःचें तोंड उघडून त्यांनीं दाखविलें, वरच्या जबड्यांत एकहि दांत नव्हता.

दुसऱ्या दिवशीं काटेवाडीस पालखीखालीं परीट मंडळींनीं धोतरांच्या पायघड्या घातल्या, आणि मेंढ्यांनीं पालखीस फेरे घातले. मेंढ्यांचें तें रिंगण ज्यानें पाहिलें नाहीं, त्यास सांगून कळणार नाहीं. शेंकडों पाठी लाटेसारख्या वळतात आणि धूळ कंबरेपर्यंत चढते. ह्याच गर्दींत कोणाचा तरी धक्का लागून आमच्या कर्ण्याच्या सांध्याची झाळ सुटली व वाद्याचे दोन तुकडे झाले. सणसरच्या मुक्कामावर ते धोतरांत बांधून आम्ही निजलों. खरें सांगावयाचें तर परत फिरण्याचें मनांत आलें होतें.

तिसऱ्या दिवशीं बेलवाडीस गोल रिंगण झालें. आधीं पताकावाले धांवले, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मग विणेकरी. आणि शेवटीं अश्व सुटले. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कोणी नाहीं, तो तुकोबांचा. त्याच्या टापांखालची माती कपाळास लावण्यासाठीं माणसें वांकलीं, तेवढ्यांत अण्णांनीं आपला कर्णा आमच्यापुढें धरला. "धरा, गुरुजी. आज तुमी फुंका."

वाचकहो, येथें आमचा हात थांबला. मुंज झाल्यापासून उष्टें-खरकटें हा विचार आमच्या हाडांत मुरलेला आहे. घरांतल्या घरांत आम्ही एकमेकांचें पाण्याचें भांडें तोंडास लावीत नाहीं. आणि हें तर ओठांचेंच वाद्य. सकाळपासून त्यांच्या तोंडांत असलेलें. थांबलों तें क्षणभरच, पण अण्णांच्या तें लक्षांत आलें. ते कांहीं बोलले नाहींत. उपरण्याच्या शेवानें त्यांनीं कर्ण्याचें तोंड नीट पुसलें आणि आमच्याकडे न पाहतां तो पुन्हां पुढें केला. त्या पुसण्यानें आम्हांस जें वाटलें, तें कोणा अधिकाऱ्याच्या शेऱ्यानेंहि कधीं वाटलें नव्हतें.

कवळी काढून खिशांत घातली आणि फुंकलें. आंत काय झालें, ओठ कसे सुटले, हें आम्हांस आजहि सांगतां येत नाहीं; पण खालचा सूर आला. 'हा' असाच. छातींतून पोटऱ्यांपर्यंत हादरा गेला. दोनदां, तीनदां आला. पुढें नुसता वारा. अण्णांनीं कर्णा परत घेतला आणि न पुसतां तसाच ओठांस लावला.

तेथून पुढें अंथुर्णें, मग पानमळ्यांचें निमगांव केतकी, आणि चवथ्या दिवशीं इंदापूर. मालोजीराजांच्या गढीमुळें हें गांव इतिहासांत आहे. आम्हीं मात्र तेथें प्रथम झाळ लावणारा शोधला. त्यानें तासाभरांत सांधा जोडून दिला. अण्णांनीं तो फुंकून पाहिला, "चांगला हाय" म्हणाले, आणि आमच्या हातीं दिला. त्यांची वाट सराटीची, आमची एस. टी. स्थानकाची. पायां पडावयास आम्ही वांकलों, तों तेच आमच्या पायांशीं वांकलेले. कपाळावर कपाळ आपटलें.

घरीं मुलांना मेंढ्यांची व अश्वांची हकीकत सांगितली. उपरण्याची गोष्ट फक्त आमच्या कुटुंबास सांगितली. ती देवांचीं उपकरणीं चिंचेनें घांशीत होती. कर्णाहि तिनें त्यांत घेतला. पुष्कळ वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "पुढच्या वर्षीं पालखी पुण्यास मुक्कामीं असेल तेव्हां त्यांना जेवायला आणा. दांत नाहींत म्हणतां, तर मऊ भात करीन."