आवळणे आणि बदलणे

साध्वीजींचा विहार सुप्याहून अहिल्यानगरच्या दिशेने निघाला की गावातील एक किराणा व्यापारी आपल्या जुन्या मोटारसायकलीवरून त्यांच्या मागोमाग जात. महामार्गावरील भरधाव वाहनांना पायी चालणाऱ्या महासतीजी दुरूनच लक्षात याव्यात, एवढाच त्या सेवेचा हेतू.

यंदा मात्र गाडी त्रास देत होती. वेगात ती सरळ जाई; पण पावलांच्या गतीने चालविताना डावी-उजवीकडे झोके घेई. त्यापूर्वी ब्रेक लावताच पुढून ‘खट्’ असा आवाज येत असे. मिस्त्रीने कोनसेट बदलण्यास सुचविले. शेठजींनी ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणत नट तेवढा आवळून घेतला. आवाज थांबला, खर्चही वाचला.

एका सकाळी संथ चालणारी गाडी सावरण्यासाठी हँडल किंचित वळवावे, तर ते मध्यभागीच अडले. पुढचे चाक साध्वीजींच्या रांगेकडे गेले. शेठजींनी पाय टेकला, पण गाडीसह ते कोसळले. अंतर हातभर उरले होते. महासतीजींनी वळून विचारले, “श्रावकजी, आपल्याला लागले नाही ना?” गुडघ्याच्या जखमेपेक्षा तो प्रश्नच त्यांना अधिक लागला.

दुपारी मिस्त्रीने पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल फिरविले. ते बरोबर मध्ये खाचेत बसल्यासारखे थांबले. फोर्क उतरविताच वाळून काळ्या पडलेल्या ग्रीसमधून पोलादी गोळ्या बाहेर आल्या. वाटीत ओळीने बारीक खळगे पडले होते.

“गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, शेठजी. म्हणून प्रत्येक खड्ड्याचा मार गोळ्या त्याच जागी देतात. नट आवळला की त्या खळग्यांत आणखी रुततात.”

“नुसत्या गोळ्या बदलल्या तर?”

“खळगे जुनेच राहतील.”

शेठजी गप्प झाले. मिस्त्रीने जुन्या वाट्या ठोकून काढल्या, नव्या तिरक्या न होऊ देता पुरत्या बसविल्या आणि भरपूर ग्रीसमध्ये एकेक गोळी मांडली. शेवटी नट असा बसविला की फोर्क मागे-पुढे हलू नये, आणि हँडल मात्र सहज दोन्ही बाजूंना वळावे. काही दिवसांनी नट पुन्हा तपासून घेण्यासही त्याने बजावले.

बुडीत उधारी नव्या वहीत ओढून नेली म्हणजे ती वसूल होत नाही, हे शेठजी पेढीवर नेहमी सांगत. गाडीच्या बाबतीत त्यांनी स्वतः तेच केले होते. साध्वीजी पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. श्रावकाच्या हाती वाहन असेल, तर त्याची जयणा त्या वाहनापासूनच सुरू व्हावयास हवी. सेवेचा भाव कितीही निर्मळ असला, तरी प्रमादाचे फळ पुढे चालणाऱ्याला भोगावे लागते.

सायंकाळच्या प्रतिक्रमणात ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना त्यांचा आवाज दाटून आला. पुढच्या विहाराच्या आदल्या रात्री त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चाक उचलले आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिले. ते कोठेही अडले नाही.